पातळ स्फटिक आणि कुरखेड्याची चुंगडी

बल्लारपूरच्या आमच्या गल्लीत मी काय शिकते याचं उत्तर ठरलेलं होतं. "पोरगी चंद्रपूरले जाऊन दगड बनवते." सांगणारी माझी आईच. तिला मी कितीदा तरी नीट समजावून सांगितलं होतं. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि शेजारीण दारात आली की पुन्हा दगडच. मी चिडायची. माझा राग तसाही नाकावरच असतो, असं घरातले सगळे म्हणतात, आणि ते म्हटलं की मला आणखी राग येतो.

आता विचार केला तर आईचं फार चुकत नव्हतं. झिओलाइट हा दगडच. फक्त आतून बारीक बारीक बोळांनी भरलेला. बोळ इतके अरुंद की एखादा रेणू अंग चोरून आत शिरतो, आत त्याचं रूप बदलतं, आणि बाहेर पडतो तेव्हा तो दुसराच कुणीतरी झालेला असतो. दगड मात्र होता तसाच राहतो. स्वतः तसूभर न बदलता दुसऱ्याला बदलायला लावणाऱ्या अशा पदार्थाला शास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. आमच्या नात्यात अशा बायका पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावर कुणी पीएचडी करत नाही.

माझ्या दगडातून मिथेनॉलची वाफ जायची आणि पलीकडून पेट्रोलसारखं काहीतरी निघायचं. थोडा वेळच निघायचं. मग दगड काळा पडायचा आणि काम बंद. त्याचं कारण होतं स्फटिकाचा आकार. सूक्ष्मदर्शकाखाली आमचे स्फटिक हुबेहूब शवपेटीसारखे दिसत. हे माझं मत नाही, या जातीच्या झिओलाइटबद्दल जगभरचे लोक तसंच म्हणतात. मी ते एकदा जेवताना बोलून गेले. आईनं भाकर वाढता वाढता हात मागे घेतला आणि म्हणाली, "दगड बनव, पण असलं काई घरात नोको सांगू."

शवपेट्या जाड होत्या, आणि सगळी भानगड त्या जाडीची होती. लग्नाच्या मांडवातून जेवून बाहेर पडायला एकच लांब बोळ असला की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ओळखीचे भेटतात, चौकशा सुरू होतात, कुणी तिथेच खुर्ची टाकून बसतो, आणि मागची गर्दी अडकते. रेणूंचंही तेच. बोळ लांब असला की ते वाटेत रेंगाळतात, एकमेकांना चिकटतात, त्यांची काजळी धरते आणि रस्ता बंद होतो. तोच स्फटिक बोळांच्या दिशेनं पातळ करता आला, तर रेणू आत गेला की लगेच बाहेर. द्रव्य तेच, रसायन तेच, आकार तेवढा बदलायचा. सांगायला सोपं आहे. स्फटिकाला आकार बदल म्हणणं आणि माझ्या वडिलांना मत बदला म्हणणं यात मला तरी फारसा फरक दिसला नाही.

माझे गाईड सर मोठे स्वप्नाळू. त्यांना स्फटिक पातळ हवेच होते, वर ते धानाच्या तुसाच्या राखेपासून करायचे होते. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर, आणि आमच्या भागात राइस मिलच्या मागे राखेचे ढीग पडलेले. "राख जशी आहे तशी वापरायची," सर म्हणायचे. "धुवायची नाही, भाजायची नाही. हे काम उद्या मिलवाल्यालासुद्धा जमलं पाहिजे." एवढी सोपी रीत सापडली असती तर मिलवाल्यानं मला तरी कशाला विचारलं असतं, असं माझ्या मनात यायचं. तोंडावर मी "हो सर" म्हणायची.

राख द्यायला माझे मामा होते. कुरखेड्याच्या अलीकडे त्यांचं गाव, थोडी धानाची शेती, आणि जवळच्या मिलमध्ये सगळ्यांशी ओळख. मी फोन केला आणि मामांनी चुंगडीभर राख एस.टी.त टाकून दिली. पोत्याला आमच्याकडे चुंगडी म्हणतात. राख छान होती, पांढरट, मधे मधे पांढरे शुभ्र खडेही होते. मला वाटलं, वा, किती उत्तम जळली आहे. खलात सगळं एकत्र कुटलं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवलं, बाकीची द्रव्यं घातली, जाड पोलादी भांड्यात बंद केलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं.

भांडं उघडलं तेव्हा प्रयोगशाळेत असा काही वास सुटला की शेजारच्या वर्गातले लोक दार लावून घ्यायला उठले. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा. आमच्या इमारतीची मोरी वरचेवर तुंबायची, तेव्हा मी मोरीच्या नावानं बोटं मोडली आणि खिडक्या उघडल्या.

स्फटिक बघायचा मोठा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नव्हता. नमुने घेऊन नागपूरला जावं लागे. तिथल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्र उमटलं आणि मी यंत्रावरच्या माणसाला म्हणाले, हा नमुना माझा नाही. शवपेटी एकही नव्हती. पातळ, चपटे, सांडलेले पोहे एकमेकांवर पडावेत तसे स्फटिक. नमुना माझाच होता. त्याच्यावरून मिथेनॉल सोडलं तर तो किती तरी जास्त वेळ काळा न पडता चालत राहिला. मला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात मी कुणाशीही भांडले नाही, आणि आईनं मला ताप आहे का ते हात लावून बघितलं.

सरांनाही आनंद झाला, पण तो त्यांनी एका शब्दात गुंडाळला. "रिपीट करा."

इथे माझी खरी परीक्षा होती. माझी नोंदणीची मुदत वाढवून वाढवून संपत आली होती. विद्यापीठाच्या समितीनं स्पष्ट सांगितलं होतं की आता पुन्हा मुदत मिळणार नाही. एकदा झालेल्या गोष्टीला विज्ञानात किंमत नसते. ती दुसऱ्यांदा करून दाखवता आली तर पदवी, नाही तर इतकी वर्षं पाण्यात आणि घरच्यांनी शोधून ठेवलेली कनिष्ठ महाविद्यालयातली तासिकेवरची नोकरी. नोकरी वाईट नव्हती. पण गल्लीत सगळ्यांना मग कळलं असतं की पोरीला दगडसुद्धा बनवता आले नाहीत, आणि ते मला सोसणारं नव्हतं.

पहिली राख चाचण्यांतच संपली होती. मी पुन्हा फोन केला. या वेळी मामींनी उचलला.

"त्या राखेनं तुयं काम झालं म्हणते?" मामींनी विचारलं.

"झालं ना मामी. तशीच अजून पायजे."

"पाठवतो. बराबर पाठवतो," मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एक निश्चय होता, पण मला तेव्हा तो कळला नाही.

दुसरी चुंगडी आली ती बघण्यासारखी होती. पांढरी स्वच्छ, तोंड लाल दोऱ्यानं शिवलेलं, टाके असे एकसारखे की गोधडीला घालावेत. राखही चाळलेली. मी कौतुकानं ती सगळ्यांना दाखवली. मग तेच माप, तेच भांडं, तोच ओव्हन. वास आला नाही, तेव्हा मोरी दुरुस्त झाली असावी असं वाटून मला बरं वाटलं. नागपूरला जाऊन पाहिलं तर पडद्यावर शवपेट्या. जाडजूड, तुकतुकीत, रांगेत मांडल्यासारख्या.

पुन्हा केलं. पुन्हा शवपेट्या. मग मी ओव्हनशी भांडले, तराजूशी भांडले, पाणी बदललं, भांड्याचं अस्तर बदललं, तापमान खालीवर केलं. आल्कोहोलची बाटली नवी आणली, जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. स्फटिक हटेनात. सर माझ्या टेबलाजवळून जाताना चालणं हळू करत. ते त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. घरी आई एक भाकर जास्त वाढे. तिनं "दगड" हा शब्दच बोलणं सोडलं तेव्हा मला खरी भीती वाटली.

शेवटी मला वाटलं, धानाचं वाण बदललं असेल, म्हणून राखेतच फरक पडला असेल. फोनवर मामा हे नीट सांगेनात, म्हणून मी उठून कुरखेड्याची गाडी पकडली.

धान तेव्हा पोटरीवर यायचं होतं आणि सगळं गाव खत टाकायला बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, उतरलं होतं. पावसाची भुरभूर सुरू होती. ज्याच्या त्याच्या डोक्यावर युरियाची रिकामी चुंगडी, एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली टोपी. आमच्याकडे युरियाची चुंगडी कधीच रिकामी होत नाही. खत संपलं की तिच्यात मोहफुलं, मग तांदूळ, मग कोळसा. फाटली की न्हाणीचं दार, उसवली की पायपुसणं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीकडे माणूस बघत नाही.

मामा आले, डोक्यावरची ओली चुंगडी उतरवून त्यांनी चुलीजवळच्या खुंटीला अडकवली, आणि आम्ही वाणांबद्दल बोलू लागलो. वाण तेच होतं. मिल तीच, भट्टी तीच. माझा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात चुलीच्या उबेनं चुंगडी तापली आणि तिचा वास सुटला. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा.

मी खुंटीजवळ जाऊन नाक लावलं. त्या वासाला मी ओळखत होते. चंद्रपुरात मी त्याच्यासाठी मोरीला शिव्या दिल्या होत्या.

मामी चुलीपुढे बसून भाजी फोडणीला घालत होत्या. मी जवळ जाऊन बसले.

"मामी, पयल्या खेपेची राख कोणत्या चुंगडीत भरली होती?"

"काऊन?"

"असंच इचारते."

"असंच कोणी नाई इचारत." त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. "घाण होती म्हणून सांगाले आली का? तुये सर काई बोलले?"

"कोणी काई नाई बोललं. कोणती होती थे तं सांगा."

मामींनी मामांकडे असं पाहिलं की मामा उठून बैलाला चारा घालायला निघून गेले. बैलापुढे चारा आधीच होता.

"युरियाची होती," मामी म्हणाल्या. "तुया मामानं घाईनं भरली. खाली खडे चिकटून होते गच्च. मी म्हटलं झटकून तं घ्या. तं म्हणे राखच आहे, तिले का होते. मले मंग जेवण गेलं नाई. पोरगी एवढी शिकून राह्यली, मोठमोठे सर लोकं पाहतीन, अन् आपल्या घरून असली चुंगडी गेली. म्हणून दुसऱ्या खेपेले मी सोता धुतली. साबण लावून घासली, नदीवर नेऊन खंगाळली, उन्हात वाळवली. थे तं चांगली होती ना?"

मी हसायला लागले. मला थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मामींचा चेहरा जो उतरत गेला तो बघून आणखी पंचाईत झाली. त्यांना वाटलं मी त्यांच्या घराला हसते आहे. मग मी त्यांचा हात धरून सगळं सांगितलं. राखेतले ते पांढरे खडे युरियाचे होते, मी ते सगळे कुटून घातले, त्यांनीच स्फटिक पातळ केले असणार, आणि मामींनी साबणानं जे धुऊन काढलं ते मी सगळ्या प्रयोगशाळेत शोधत होते. मामींनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"म्हणजे घाण होती म्हणून काम झालं," त्या म्हणाल्या.

"तसंच समजा."

"हे कोणाले सांगू नोको. शप्पत घे. लोकं म्हणतीन, यायच्या घरची चुंगडीच धुतलेली नसते."

मी शपथ घेतली. पातळ स्फटिकांच्या आनंदात मी तेव्हा कसलीही शपथ घेतली असती.

परत येऊन मी युरियाची बाटली काढली, वजन करून युरिया राखेत घातला, भांडं बंद केलं. उघडलं तेव्हा तो दिव्य वास आला आणि मी खिडकी न उघडता तिथेच उभी राहिले. पोहे आले. पुन्हा केलं, पुन्हा पोहे. युरिया कमी घातला तर जाडी वाढे, जास्त घातला तर घटे. स्फटिकाच्या एका अंगाला तो बिलगून बसतो आणि त्या बाजूनं वाढूच देत नाही, असं त्यातून दिसत होतं. मग मी संदर्भ शोधायला बसले आणि कळलं की हे जगाला आधीच माहीत आहे. दूर कुठे कुणीतरी स्वच्छ बाटलीतून युरिया घालून हेच केलं होतं आणि छापूनही टाकलं होतं. मी दिवसभर फणफणत होते. सर मात्र खूश. "म्हणजे तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "आणि त्यांच्याकडे कुठे आहे आपल्यासारखी खतासकट फुकट राख?"

प्रबंध लिहिला. चुंगडीचा उल्लेख करायला सर सांगत होते. मी म्हटलं, शपथ आहे. शेवटी दोघांच्या तडजोडीनं लिहिलं की राखेत शेतीतील खताचा अंश मिसळलेला आढळला. सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि पान उलटलं.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्या नात्यानं यावं असा घेतात. आईवडील पुढे बसले. मामामामी कुरखेड्याहून पहाटेच्या गाडीनं आले होते. मामी विहारातल्या कार्यक्रमाला नेसतात ती पांढरी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या, पदर दोन्ही खांद्यांवर.

बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते, पण त्यांचा आवाज असा होता की साधा प्रश्नही उलटतपासणीसारखा वाटे. बराच वेळ सगळं ठीक चाललं. मग त्यांनी पहिलं प्रकरण उघडलं.

"इथे तुम्ही म्हणता, राखेत खताचा अंश मिसळलेला होता. दुसऱ्या खेपेच्या राखेत नव्हता. गाव तेच, धान तेच, मिल तीच. मग एकीत खत आलं कुठून आणि दुसरीतून गेलं कुठे?"

"शेतातून आलं, सर," मी म्हणाले.

"शेतातून म्हणजे नेमकं कुठून? तूस जळल्यावर त्यात युरिया उरत नाही. तो नंतर आला आहे. हे कळल्याशिवाय मी या प्रकरणावर विश्वास ठेवू शकत नाही. आणि हे प्रकरण गेलं तर पुढचं सगळं पुस्तकात वाचून केल्यासारखं दिसतं. मग प्रबंध परत पाठवावा लागेल."

परत पाठवला तर मुदत नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. एका शब्दाचं उत्तर होतं, ते माझ्या जिभेवर होतं, आणि ते मी बोलणार नाही असं जिला कबूल केलं होतं ती बाई शेवटच्या रांगेत बसली होती. मी पडद्यावरच्या पोह्यांकडे बघत उभी राहिले. आई पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहेब, मी सांगू का?"

समितीचे अध्यक्ष काही बोलायला गेले, पण परीक्षकांनी हात वर केला. "बोला, बाई."

मामी उभ्या होत्या. साडीचा काठ त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. "थे चुंगडी माया घरची होती. युरियाची. पयल्या खेपेले न धुता तशीच पाठवली. खडे होते खाली. दुसऱ्या खेपेले मी साबणानं धुतली. पोरीले मीच शप्पत घातली होती, म्हणून थे बोलून नाई राह्यली."

कुणीतरी हसलं. मामी खाली बसल्या नाहीत.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "पहिली न धुता पाठवली होती, मग दुसरी का धुतलीत?"

मामींना हा प्रश्नच नवलाचा वाटला असावा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग परीक्षकांकडे.

"पोरीची पीएचडी होती ना, साहेब."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते प्रकरण मिटलं. मग अहवालाचा कागद पुढे ओढून त्यांनी पदवीच्या शिफारशीखाली सही केली.